गावठी गुलाबाला फुलं येत नाहीत? या चुका टाळा

दसरा झाला की आपल्या कोल्हापुरात जो तो कात्री घेऊन गुलाबाच्या मागं लागतो. नर्सरीतल्या हायब्रीड गुलाबाला ती छाटणी मानवते, पण गावठी गुलाब, म्हणजे तो वासाचा, गुलकंदाचा, झुडपासारखा पसरणारा, त्याला गुडघ्याएवढा छाटला की तो पुढचे कित्येक महिने नुसत्या फांद्याच वाढवत बसतो. मी सलग तीन वर्षं हेच केलं आणि फुलं मोजून दहा-बारा. शेवटी आत्या म्हणाली, "अगं तोडू नको त्याला, वाकव."

तेच खरं. लांब फांदी उभी असली की सगळा जोर शेंड्याला जातो. तीच फांदी हळूहळू आडवी करून सुतळीनं खुंटीला बांधली की मधल्या डोळ्यांना, म्हणजे पानांच्या बेचक्यातल्या अंकुरांना, फुटवे येतात आणि जवळजवळ प्रत्येक फुटव्याला कळी. फांदी जून असेल तर एकदम वाकवू नका, मोडते, दोन-तीन आठवड्यांत थोडी थोडी खाली आणा. कात्री फक्त वाळक्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांना लावा, फार जुनी फांदी वर्षाला एखादीच बुडातनं काढा.

दुसरी चूक बुडातल्या फुटव्यांची. कलम केलेल्या झाडाला कलमाच्या जोडाखालनं फुटवा आला तर तो जंगली, काढायलाच हवा. पण गावठी गुलाब आपण बहुतेक वेळा शेजारच्याकडनं पेन्सिलीएवढी जाड काडी आणून लावलेला असतो, त्याला जोडच नसतो, मग बुडातनं आलेला फुटवा ही त्याची स्वतःची नवी फांदी असते. ती तोडली म्हणजे पुढच्या वर्षाची फुलं तोडली.

इथल्या काळ्या मातीत पावसाळाभर पाणी मुरत नाही, मुळं कुजतात. गादीवाफा उंच करा, तांबडी माती आणि कुजलेलं शेणखत मिसळा. कुंडीत असेल तर १४-१६ इंचाची तरी घ्या. युरिया नको, पानं हिरवीगार होतात आणि कळ्या रुसतात.

पानांवर काळे ठिपके येऊन पिवळी पडत असतील तर ती बुरशी आहे. पान साधारण ७ तास ओलं राहिलं की ती रुजते, म्हणून संध्याकाळी पाईपनं वरनं पाणी मारणं एकदम बंद करा, सकाळी बुडाला घाला आणि गळलेली पानं रोजच्या रोज उचला, ती खाली पडून राहिली तर पुढच्या पावसात तिथनंच परत सुरुवात होते. खोडावर पांढरे खवले दिसले तर ती कीड आहे, जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढा, बुडापर्यंत, मागची बाजू विसरू नका.