पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीचं डिझेल

गणपतीला मुंबईकर गावी येतात आणि पडवीतली जीप थेट सेल मारून बघतात. मग मला बोलावणं येतं. सेल मारायच्या आधी एवढं करा.

टाकीच्या तळाचा बोल्ट सोडून लिटरभर डिझेल काचेच्या बरणीत घ्या, तासभर हलवू नका. पाणी डिझेलपेक्षा जड, खाली बसतं. मधल्या रेघेवर काळपट, शेवाळासारखा चिकट थर दिसला तर ती बुरशी आणि जिवाणू. पाणी आणि डिझेल भेटतात तिथेच ते वाढतात. मग टाकी उतरवून धुवायचीच. वरून नवीन डिझेल ओतून भागत नाही. थर सुटतो, फिल्टर तुंबतो आणि गाडी नेमकी घाटात बसते.

थर नाही, वास व्हार्निशसारखा नाही, रंगही काळवंडला नाही, तर तळाचं पाणी काढा आणि वरचं डिझेल गाळून वापरा. फिल्टर मात्र नवाच. फिल्टर बदलताना आत हवा शिरते; ती काढायचा स्क्रू सैल करून डिझेलचा हातपंप दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत.

हे जुन्या इंजिनांचं झालं. नव्या कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल जातं, तिथे हवा काढायला चालू इंजिनावर इंजेक्टरच्या नटाला हात लावायचा नाही. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, फवारा कातडीत घुसतो. ती गाडी माहीतगाराकडेच न्या.

काढलेलं डिझेल पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, ओतू नका, खाली विहिरी आहेत. पुढच्या वेळी टाकी भरूनच गाडी उभी करा. आत हवा कमी, तर दव कमी.