बडोद्याहून मुंबईच्या बंदरकाठी एक दिवस

बडोद्याहून रात्रीच्या गाडीने निघून दुसऱ्या रात्रीच परतायचे असेल, तर मुंबईच्या किनाऱ्यावरील दिवस सूर्याच्या कलाने आखावा. बंदर पूर्वेला असल्यामुळे सकाळ तिथे घालवावी आणि पश्चिमेकडे तोंड असलेला मरीन ड्राइव्ह संध्याकाळसाठी राखून ठेवावा. सोमवार मात्र टाळावा, कारण त्या दिवशी घारापुरीची लेणी बंद असतात. पावसाळ्यातही समुद्र खवळलेला असला की लाँच सुटत नाहीत.

मुंबई सेंट्रलला उतरल्यावर सामान क्लोकरूममध्ये ठेवून (बॅगेला कुलूप हवेच) कचेऱ्यांची गर्दी सुरू होण्यापूर्वी चर्चगेटची लोकल पकडावी आणि तेथून टॅक्सीने गेटवे ऑफ इंडिया गाठावे. ज्यांच्या आगमनाचे स्मारक म्हणून ही कमान बांधली गेली, ते पंचम जॉर्ज १९११ मध्ये येथे उतरले तेव्हा ती उभीच नव्हती. तिचे काम १९२४ मध्ये पूर्ण झाले. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी याच कमानीतून मायदेशी परतली. वास्तुकार जॉर्ज विटेट यांनी सोळाव्या शतकातील गुजराती शैलीचा आधार घेतलेला असल्याने, चांपानेरच्या मशिदी पाहिलेल्या बडोदेकरांना येथील जाळीकाम परके वाटणार नाही. या जाळ्या मात्र ग्वाल्हेरहून आणलेल्या आहेत.

घारापुरीचे तिकीट गेटवेजवळच मिळते. सकाळच्या पहिल्या लाँचपैकी एखादी पकडावी, म्हणजे पायऱ्या चढताना ऊन सोसावे लागत नाही. सुमारे तासाभराच्या प्रवासात जाताना डाव्या बाजूस बसणे चांगले; नौदलाची गोदी आणि तेलवाहू जहाजे ज्या जवाहर द्वीपाला लागतात ते बेट त्याच बाजूला दिसते. धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी गाडी असली, तरी पुढे शंभराहून अधिक पायऱ्या चढाव्याच लागतात. वाटेत माकडे असल्याने खाण्याचे पदार्थ हातात न धरता पिशवीत ठेवावेत.

मुख्य लेण्यात शिरल्यावर लगेच छायाचित्रे काढू नयेत. डोळे अंधाराला सरावू द्यावेत, म्हणजे दक्षिण भिंतीतील सुमारे सहा मीटर उंचीची त्रिमुखी सदाशिवमूर्ती हळूहळू स्पष्ट होत जाते. तिच्या डावीकडे अर्धनारीश्वर आणि उजवीकडे गंगाधर आहे. शिवपार्वतीचा विवाह आणि कैलास हलवू पाहणारा रावण हे शिल्पपटही चुकवू नयेत. एवढ्यासाठी दीड तास तरी हवा. दिवसातले दुसरे काही गाळावे लागले तरी चालेल, पण येथे घाई करू नये.

परतल्यावर जेवण करून दुपारचे ऊन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाळता येते. ही वास्तूही विटेट यांचीच आहे.

सूर्यास्ताच्या तासभर आधी नरिमन पॉइंटहून गिरगाव चौपाटीच्या दिशेने चालू लागावे. समुद्राइतकेच लक्ष उजवीकडील आर्ट डेको इमारतींकडेही द्यावे. मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाचा २०१८ मध्ये जागतिक वारशात समावेश झाला, त्यात यांतील अनेक इमारती येतात. चौपाटीवरील भेळ, आपल्याकडच्या सेव-उसळीच्या तिखटाला सरावलेल्या जिभेला, थोडी गोडच लागेल.

चौपाटीजवळच्या चर्नी रोडहून मुंबई सेंट्रल लोकलने दुसरेच स्थानक आहे. तरीही परतीच्या तिकिटावरील स्थानकाचे नाव आधी पाहून ठेवावे, कारण बडोद्याकडच्या काही गाड्या वांद्रे टर्मिनसहून सुटतात आणि तसे असल्यास सामान घेऊन बरेच लवकर निघावे लागते.