डाळ का शिजत नाही? : विज्ञानाचे प्रश्न सोडवायला बसणाऱ्या नव्या मंडळींसाठी

वाईतल्या आमच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघं-चौघं दोन तास बसतो. लोक घरातले, शेतातले प्रश्न घेऊन येतात आणि आम्ही भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राच्या अंगानं त्यांची उत्तरं शोधतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. या बैठकीला मला ११ वर्षं झाली. यंदा काही नवे पदवीधर सोबतीला आलेत. त्यांना जे तोंडी सांगत असते, तेच इथं लिहून काढते आहे.

सुरुवात डाळीपासून करते, कारण मी स्वतः तिथूनच शिकले. दहिवडीकडे बदली होऊन गेलेल्या एक शिक्षिका आल्या होत्या. "तूरडाळ तीच, कुकर तोच, पण तिकडे गेल्यापासून डाळ शिजतच नाही. चार शिट्ट्या जास्त घेतल्या तरी दाणा टचटचीत." मला उत्तर तयारच वाटलं. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे पाणी कमी तापमानाला उकळतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे, तिथं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. हे सगळं मी दहा मिनिटं उत्साहानं समजावलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण दहिवडी काही महाबळेश्वर नाही हो."

बरोबरच होतं त्यांचं. वाई आणि दहिवडीच्या उंचीत म्हणण्यासारखा फरक नाही. शिवाय कुकरमध्ये दाब वाढून तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, तिथं उंचीचा मुद्दा आणखीच मागे पडतो. मी जे सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं, फक्त ते त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मग मी विचारायला हवं होतं ते विचारलं: पाणी कुठलं? "बोअरचं." साबणाला फेस येतो? "नाही ना, आणि बादलीला पांढरे थर धरतात."

आता चित्र स्पष्ट झालं. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थानं चिकटलेल्या असतात. शिजताना हे पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि डाळ घोटता येते. बोअरच्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनच्या साखळ्यांना आपसात बांधून टाकतं, मग ते विरघळेनासं होतं. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की पेक्टिन लवकर सुटतं. पण सोड्यानं ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं, म्हणून रोज घालू नये. पाणी आधी खळखळून उकळायचं, निवू द्यायचं आणि वरचं नितळ पाणी वापरायचं, हा उपाय मला जास्त पटतो. उकळल्यावर कॅल्शियमचा काही भाग पांढरा साका होऊन तळाशी बसतो.

मात्र एवढ्यावर मी त्यांना जाऊ दिलं नाही. एकाच डब्यातली डाळ दोन भांड्यांत लावा, एकात बोअरचं पाणी आणि एकात फिल्टरचं, असं सांगितलं. पुढच्या खेपेला त्या निकाल घेऊन आल्या: फिल्टरच्या पाण्यातली डाळ मेणासारखी मऊ, दुसरी तशीच. हे करून पाहिलं नसतं तर माझं दुसरं उत्तरही पहिल्यासारखं नुसतंच ऐकायला बरं राहिलं असतं. त्या दिवशी कोपऱ्यात बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "चिंच आधी घातली तरी डाळ अशीच अडते." आम्लातही पेक्टिन लवकर सुटत नाही, म्हणून आंबट नेहमी मागाहून घालायचं. आजींना पेक्टिन हा शब्द माहीत नव्हता, पण त्याचं वागणं पक्कं माहीत होतं.

म्हणून नव्या मंडळींना माझं पहिलं सांगणं हेच की, प्रश्न ऐकल्यावर निदान तीन गोष्टी उलट विचारा. कुठं घडतं, कधीपासून, आणि त्याच सुमाराला दुसरं काय बदललं? यात पाच मिनिटं जातात. जाऊ द्या.

दुसरं, समोरच्याला आधीपासून जे माहीत आहे तिथून सुरू करा. पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडली, साबण लावला तर पिवळा डाग लालभडक झाला, साबणात भेसळ आहे का, असं एक गृहस्थ विचारत होते. आमच्यातल्या नव्या मुलानं फळ्यावर सामूची, म्हणजे पदार्थ किती आम्ल किंवा अल्कली आहे ते दाखवणारी, पट्टी काढली. गृहस्थ पट्टीकडे पाहत राहिले. मी एवढंच विचारलं, "पूर्वी कुंकू कशाचं करायचे?" हळदीचं, चुना घालून. बस, तिथून पुढं सगळं सरळ झालं. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, मग ती चुन्याची असो वा साबणाची. भरपूर पाण्यात खळबळून लिंबू पिळलं की रंग परत पिवळा होतो. आणि उन्हात वाळवलं तर डाग फिका पडतो, कारण सूर्यप्रकाशानं कर्क्युमिनचा रेणूच मोडतो. सामूची पट्टी त्यानंतर दाखवली, तेव्हा तेच गृहस्थ खुर्ची पुढं ओढून बसले.

काही प्रश्नांना मात्र उलट प्रश्न विचारत बसायचं नाही. बाथरूमचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करून फरशी जास्त स्वच्छ होईल का, असं एका तरुणानं विचारलं होतं. इथं पहिलं वाक्य "अजिबात करू नका" हेच हवं. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. समीकरण नंतर लिहा, किंवा लिहूच नका. गॅस गळतीचंही तसंच. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. त्यामुळे दारं-खिडक्या उघडा आणि दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका, हे आधी. बाकीचं विज्ञान त्यानंतर.

पितळेच्या भांड्यात ताक का कळकतं, पंख्यानं खोली गार होते का, स्टीलची खुर्ची लाकडीपेक्षा थंड का लागते, हे प्रश्न दर वर्षी येतात. तुम्हाला कंटाळा येईल, पण विचारणाऱ्याला तो प्रश्न पहिल्यांदाच पडलेला असतो. त्याला तुमच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसता कामा नये. याबाबत मी नव्यांना फार काटेकोरपणे बोलते.

सध्या माठाचा प्रश्न चालू आहे. रत्नागिरीच्या दमट हवेत माठातलं पाणी विदर्भातल्यासारखं गार होत नाही, हे आम्ही आधीच सोडवलं होतं. १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता लागते. ती आतल्या पाण्यातूनच घेतली, तर अर्धा लिटरहून जास्त पाणी १ अंशानं निवतं. हवा दमट असली की वाफ कमी, म्हणून गारवाही कमी. पण गेल्या महिन्यात एक मावशी म्हणाल्या की त्यांचा माठ पहिल्या उन्हाळ्यात छान गार करायचा, यंदा करत नाही. घर तेच, जागा तीच. मी विचारलं, "पाणी कुठलं?" बोअरचं. छिद्रांत क्षार बसून ती बुजली असावीत, असा आमचा अंदाज आहे. तो जुना माठ आणि त्याच आकाराचा एक नवा, दोन्ही मोजून पाणी भरून वाचनालयाच्या ओट्यावर सावलीत ठेवलेत. शेजारच्या दुकानातला काटा मागून आणलाय. नवी मुलं सकाळ-संध्याकाळ दोन्ही माठांचं वजन आणि पाण्याचं तापमान वहीत टिपतायत. मावशी शनिवारी वही बघायला येणार आहेत.