वर्गात पेन, खोलीवर कीबोर्ड

कॉलेजात नवीन आलेली मुलं हमखास विचारतात, नोट्स वहीत काढायच्या की लॅपटॉपवर? मी सांगते, वर्गात हातानेच लिहा आणि खोलीवर आल्यावर हवं ते टाइप करा.

टाइप करताना वेग इतका असतो की सर बोलतील ते जसंच्या तसं उतरतं. हाताला तेवढा वेग नसल्याने काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे तिथेच ठरवावं लागतं. समजायला सुरुवात होते ती या निवडीतून. पाम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांच्या 2014 सालच्या अभ्यासात लॅपटॉपवाले विद्यार्थी संकल्पनांच्या प्रश्नांत मागे पडले होते. शब्दशः उतरवू नका असं सांगूनही ते तसंच करत राहिले. मात्र 2019 मध्ये हा प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा इतका ठळक फरक दिसला नाही. त्यामुळे फळ्यावरचं नुसतं उतरवून घेत असाल, तर हातात पेन असून उपयोग नाही.

विषयही बघा. गणिताच्या पायऱ्या, रसायनशास्त्रातल्या रचना, सर्किटच्या आकृत्या कीबोर्डवर काढत बसलात तर पुढचा मुद्दा निसटतो. कायदा किंवा इतिहासात संदर्भ ढीगभर असतात, तिथे टाइप केलेल्या नोट्समध्ये एक शब्द शोधला की सगळं समोर येतं. टॅबलेट आणि स्टायलस असेल तर दोन्ही साधतं, फक्त नोटिफिकेशन बंद ठेवा.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांची पद्धत. पानाच्या डावीकडे अरुंद रकाना सोडायचा, उजवीकडे नोट्स घ्यायच्या आणि खाली थोडी जागा ठेवायची. त्याच संध्याकाळी डाव्या रकान्यात प्रश्न लिहायचे, खाली दोन-तीन ओळींत सार. मग उजवी बाजू झाकून उत्तरं आठवायची. आठवताना अडखळायला होतं, पण ते टाळू नका. नुसतं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा असं आठवून पाहिलेलं जास्त टिकतं. जे अडलं तेवढंच मी टाइप करून ठेवते. पानांचे फोटो विषयवार फोल्डरमध्ये जातात, फाइलच्या नावात तारीख असते. वही हरवली तरी अभ्यास शाबूत राहतो.

परीक्षा कागदावर असेल तर काही पूर्ण उत्तरं घड्याळ लावून हातानेच लिहून बघा. संगणकावर असेल तर तोच सराव कीबोर्डवर करा.