नवरा-बायको एकाच कंपनीत? मेडिक्लेमचा फॉर्म भरताना या चुका टाळा

आम्ही दोघं वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यातल्या एकाच कंपनीत. मेडिक्लेमच्या फॉर्मवर ह्यांनी माझं नाव घातलं, मी ह्यांचं, आणि लेकाचं दोघांनीही. तीन अन् तीन सहा लाख, हिशेब सोपा! लेकाला डेंग्यू झाला, तेव्हा हॉस्पिटलात विम्याचे दावे बघणाऱ्या टीपीए डेस्कवरच्या भाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. "बेन, आ नाम तो बे जग्याए बोले छे." म्हणजे लेकाचं नाव दोन ठिकाणी. शनिवारची संध्याकाळ, एचआर बंद. डिपॉझिट भरलं, कॅशलेस मिळालं ते सोमवारी दुपारी, कंपनीचं पत्र गेल्यावर.

कंपनीची मास्टर पॉलिसी, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांची मिळून, एकच असते आणि तिच्यात एक माणूस सहसा एकदाच बसतो. शिवाय मेडिक्लेम म्हणजे झालेल्या खर्चाची भरपाई. ८० हजारांच्या बिलाचे १ लाख ६० हजार कुणी देत नाही. तेव्हा आपापल्या फॉर्मवर आपण, आणि मूल कुणातरी एकाच्याच फॉर्मवर. कुणाच्या, ते दोघांची विमा रक्कम बघून ठरवा. ग्रेडप्रमाणे ती वेगळी असू शकते.

दोन फॉर्म असण्याचा खरा फायदा आईवडिलांच्या रकान्यात आहे. बऱ्याच पॉलिसींत आईवडील किंवा सासू-सासरे, यांपैकी एकच जोडी घालता येते. ह्यांनी त्यांचे आईवडील घातले. माझा रकाना तीन वर्षं कोरा. कुणी नको म्हटलं नव्हतं, माझ्याच डोक्यात आलं नाही. आईबाबा दांडिया बाजारात, दहा मिनिटांवर; पण 'त्यांचं दादा बघेल'. दादाच्या कंपनीत पालकांना विमाच नाही, हे बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी समजलं. पालकांचा हप्ता पगारातून कापला जात असेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल, तर त्या हप्त्यावर आयकरात स्वतःच्या आईवडिलांसाठी सूट मिळते, सासू-सासऱ्यांसाठी नाही. म्हणजे ज्याचे त्याने घालावेत, हे करालाही सोयीचं.

नवं बाळ किंवा नवं लग्न असेल तर नाव लगेच कळवा. बहुतेक ठिकाणी ३० दिवसांची मुदत असते. ती गेली की पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबा.

रूम रेंटची, म्हणजे हॉस्पिटलच्या खोलीभाड्याची मर्यादाही बघा. ती विमा रकमेच्या १ टक्का असेल, तर ३ लाखांवर दिवसाला ३,००० रुपये. तुम्ही ५,००० ची खोली घेतलीत, तर वरचे दोन हजार तर जातातच, पण अशी अट असलेल्या पॉलिसीत डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्च असल्या रकमाही कापून पाचाला तीन या प्रमाणातच मिळतात. औषधांना मात्र ही कात्री लागत नाही.

एकाच कंपनीतल्या जोडप्याला सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे बाहेरची पॉलिसी न घेणं. कंपनीने माणसं कमी करताना दोघांनाही काढलं तर दोघांचंही कव्हर एकाच दिवशी संपू शकतं, सोबत चारही म्हाताऱ्यांचं. तोवर कुणाला शुगर निघालेली असते, आणि नव्या पॉलिसीत आधीच्या आजाराला ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. हा काळ नोकरी असतानाच संपवून टाकावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच विमा रक्कम) पॉलिसीवर जीएसटीही नाही. आम्ही तिघांची ५ लाखांची घेतली. हप्ता ह्यांच्या खात्यातून जातो, आणि पावती माझ्या मेलवर येते, कारण ह्यांच्या मेलमध्ये काहीच सापडत नाही.