टीव्हीचा सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट काळ: वाद कसा घालावा, निकाल कसा लावावा

प्रेक्षकासाठी टीव्हीचा सर्वांत चांगला काळ कोणता आणि सर्वांत वाईट कोणता, हा वाद दहा मिनिटांत भरकटतो, आणि तो दर वेळी एकाच जागी भरकटतो. एक जण आपल्या आवडत्या काळातल्या तीन अप्रतिम मालिका पुढे करतो, दुसरा आजच्या काळातला रटाळ माल दाखवतो. एकाचे निवडलेले दाणे आणि दुसऱ्याचा कोंडा अशी ती तुलना असते. मग आवाज चढतात आणि शेवटी "आमच्या वेळी" जिंकतं.

यातून सुटायचं तर प्रश्नातला एकच शब्द घट्ट धरायचा: प्रेक्षक. लेखकांसाठी कोणता काळ चांगला होता, समीक्षकांना कोणता आवडतो, कोणत्या वर्षी जास्त बक्षिसं वाटली, हे सगळं बाजूला ठेवा. संध्याकाळी संचासमोर बसलेल्या माणसाला काय मिळालं, ते मिळवायला काय द्यावं लागलं आणि चुकलं तर काय गमावलं, एवढंच मोजायचं.

आधी प्रेक्षक ठरवा

वाद सुरू होण्यापूर्वी तीन-चार चिठ्ठ्या तयार करा. प्रत्येकीवर एका काल्पनिक प्रेक्षकाचं वर्णन असू द्या: वय, ऐकू-दिसू किती येतं, रोज रिकामा वेळ किती आणि कधी, राहणं शहरात की प्रक्षेपण केंद्रापासून लांब, घरात संच किती. सगळ्यांनी त्याच प्रेक्षकांच्या बाजूने बोलायचं. ही पायरी गाळली तर प्रत्येक जण नकळत स्वतःच्या बालपणाची वकिली करतो.

प्रेक्षक बदलला की निकाल किती बदलतो याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कर्णबधिर प्रेक्षक. ब्रिटनमध्ये टीव्हीच्या पडद्यावर मजकुराची पानं दाखवणारी सीफॅक्स ही सेवा १९७४ मध्ये आली आणि पुढे सबटायटल ८८८ क्रमांकाच्या पानावर मिळू लागली. अमेरिकेत नियमित क्लोज्ड कॅप्शन (हवी तेव्हाच दिसणारी सबटायटल) १९८० मध्ये सुरू झाली, पण त्यासाठी वेगळा डिकोडर विकत घ्यावा लागे. १९९० च्या कायद्यानंतर, जुलै १९९३ पासून, १३ इंच आणि त्याहून मोठ्या नव्या संचांत तो आतच बसवणं सक्तीचं झालं. या प्रेक्षकाला पन्नासच्या दशकातलं जिवंत नाट्यप्रक्षेपण "सुवर्णयुग" म्हणून ऐकवणं ही क्रूर थट्टा आहे.

लांब राहणाऱ्याचंही तसंच. अमेरिकेत १९४८ ते १९५२ या काळात नव्या केंद्रांचे परवाने देणं थांबवलं होतं, त्यामुळे कित्येक शहरांत दिसण्यासारखं काही नव्हतंच. त्या वर्षांतल्या कार्यक्रमांचं कौतुक करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: ते दिसत किती जणांना होतं?

काळाचे तुकडे दशकांनी पाडू नका

सत्तरचं दशक, ऐंशीचं दशक ही विभागणी सोयीची आहे, पण टीव्ही दशकं पाहून बदलला नाही. प्रेक्षकाच्या हातात काय आलं यावरून तुकडे पाडा. पाच पुरतात: मोजक्या वाहिन्या आणि रेकॉर्डिंगची सोय नाही, मोजक्या वाहिन्या अधिक व्हीसीआर, केबल-उपग्रहाच्या ढीगभर वाहिन्या, डिजिटल रेकॉर्डर-डीव्हीडी-एचडी, आणि शेवटी स्ट्रीमिंग.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे वस्तू बाजारात आली त्या वर्षी ती घरात आली असं धरणं. बिनतारी रिमोट १९५५-५६ मध्ये निघाला, पण बरीच वर्षं तो महागड्या संचांचाच लाड होता. व्हीसीआरच्या दोन पद्धतींपैकी बीटामॅक्स १९७५ चं, व्हीएचएस १९७६ चं, पण ही यंत्रं सर्रास घरांत दिसू लागली ती ऐंशीच्या दशकात. त्यातही बीटामॅक्सच्या सुरुवातीच्या टेपवर एकच तास मावत असे. पूर्ण चित्रपट बसेना, आणि व्हीएचएसचे दोन तास त्याला भारी पडले. घरी रेकॉर्ड करून नंतर पाहणं कायदेशीर आहे की नाही, हेसुद्धा अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९८४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं. म्हणून प्रत्येक तुकड्याची सुरुवात शोधाच्या वर्षापासून न धरता साधारण निम्म्या घरांत वस्तू पोचल्यापासून धरा. चार-पाच वर्षं मागेपुढे झाली तरी चालेल.

एक साधा आठवडा काढा

प्रत्येक काळातून तीन आठवडे घ्या आणि त्यांची संध्याकाळी ६ ते ११ ची वेळापत्रकं मिळवा. ब्रिटनसाठी बीबीसी जीनोम हा संग्रह आहे, त्यात १९२३ ते २००९ ची वेळापत्रकं शोधता येतात. अमेरिकेसाठी १९५३ पासूनचे टीव्ही गाइडचे अंक आणि वर्तमानपत्रांची डिजिटल दफ्तरं उपयोगी पडतात. स्ट्रीमिंगसाठी वेळापत्रक नसतं, त्यामुळे त्या आठवड्यात वर्गणीदाराला काय उपलब्ध होतं याची यादी करावी लागते. हे सर्वांत किचकट काम. ते नीट करणाऱ्याकडेच सोपवा.

आठवडा निवडताना फेब्रुवारी, मे आणि नोव्हेंबर टाळा. अमेरिकेत या महिन्यांत प्रेक्षकसंख्येची मोठी मोजणी होत असे आणि वाहिन्या आपला ठेवणीतला माल तेव्हाच बाहेर काढत. मार्चचा दुसरा आणि ऑक्टोबरचा तिसरा आठवडा बरा. तिसरा भर उन्हाळ्यातला घ्या, म्हणजे पुनःप्रक्षेपणांचा सुकाळही हिशेबात येईल.

वेळापत्रकात छापलेल्या गोष्टींइतक्याच न छापलेल्या गोष्टी बोलक्या असतात. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९५७ पर्यंत संध्याकाळी ६ ते ७ पडदा कोराच ठेवत, मुलांना झोपवणं सोपं जावं म्हणून! प्रक्षेपणाच्या तासांवरची सरकारी मर्यादा तर १९७२ पर्यंत टिकली.

काय मोजायचं

*जाहिराती.* आठवणींवर विसंबू नका, वजाबाकी करा. तासाभराच्या जागेतून कार्यक्रमाची मूळ लांबी वजा केली की जाहिराती आणि इतर भरताड उरतं. अमेरिकेतल्या साठच्या दशकातल्या तासाभराच्या मालिकेचा भाग साधारण ५० मिनिटांचा असे, २००० नंतर तो ४२ ते ४४ मिनिटांवर आला. म्हणजे तासाला दहा मिनिटांऐवजी सोळा-अठरा. लांबी डीव्हीडीवरून घेणार असाल तर सांभाळा. फिल्मवर चित्रित केलेल्या मालिका युरोपातल्या 'पाल' या प्रक्षेपणपद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमने धावतात, त्यामुळे ४४ मिनिटांचा भाग ४२ मिनिटं १४ सेकंदांत संपतो. हा फरक जाहिरातींच्या खात्यात गेला की पुढचा सगळा हिशेब चुकतो. बीबीसीसारख्या जाहिरातमुक्त वाहिनीला ही वजाबाकी लावूच नका.

जाहिरातींचा आवाजही मोजणीत धरा. कार्यक्रम कुजबुजतोय आणि जाहिरात कानठळ्या बसवतेय, ही तक्रार खरी होती. अमेरिकेत त्यावरचा कायदा २०१० मध्ये झाला आणि डिसेंबर २०१२ पासून लागू झाला.

*निवड.* वाहिन्या मोजू नका. रात्री ९ वाजता एकाच वेळी किती वेगळ्या प्रकारचे कार्यक्रम चालू होते ते मोजा: बातम्या, नाटक, विनोद, खेळ, माहितीपट वगैरे. दोन वाहिन्यांवर दोन पोलीस-मालिका असतील तर तो एकच प्रकार, आणि पुनःप्रक्षेपणाला अर्धा गुण. साठ वाहिन्यांचा डोलारा या चाळणीतून गेला की बऱ्याचदा नऊ-दहावर येतो. स्ट्रीमिंगला तीच काठी, फक्त वेगळ्या टोकाने लावा: संच सुरू केल्यापासून कार्यक्रम सुरू होईपर्यंत किती मिनिटं गेली ते घड्याळ लावून पाहा. व्हॉल्व्हचे जुने संच तापायला अर्धा-एक मिनिट घेत म्हणून लोक हसतात. सूची वर-खाली करण्यात जाणारी वीस मिनिटं मात्र कोणी धरत नाही.

*चुकलं तर काय?* माझ्या मते हा सर्वांत जड निकष, याला दुप्पट वजन द्या. पहिल्या काळात उत्तर सोपं होतं: गेलं ते गेलं. व्हीसीआरने दार उघडलं, पण टायमर लावणं हा घरातल्या एकाच माणसाचा हुन्नर असे आणि वीज जाऊन आली की घड्याळ १२:०० वर लुकलुकत बसे. सामना लांबला की पुढच्या मालिकेचा शेवट टेपबाहेर. १९९९ मध्ये आलेल्या टिव्होसारख्या डिजिटल रेकॉर्डरने कार्यक्रमाच्या नावावरून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि ही कटकट बरीच मिटली.

*वाट पाहणं.* मालिकेची एकूण मिनिटं तिच्या आयुष्याच्या वर्षांनी भागा. वर्षाला २२ भाग, प्रत्येकी ४३ मिनिटं, म्हणजे वर्षाला ९४६ मिनिटं. आठ भाग, प्रत्येकी ५५ मिनिटं, आणि दोन सीझनमध्ये दोन वर्षांचं अंतर, म्हणजे वर्षाला २२०. जुन्या बाजूने हा आकडा नाचवला की समोरच्याने विचारावं: त्या २२ पैकी किती भाग जुन्या प्रसंगांची गोधडी शिवून काढलेले होते?

*टिकणं.* यात दोन काळ सारखेच गुन्हेगार निघतात. बीबीसीने सत्तरच्या दशकापर्यंत टेप पुसून पुन्हा वापरल्या, त्यात एकट्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा-मालिकेचे ९० हून अधिक भाग हरवले. स्ट्रीमिंगमध्ये पुसणं वेगळ्या कारणाने होतं: नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'विलो' ही मालिका डिस्ने प्लसने मे २०२३ मध्ये काढून टाकली. मधल्या काळातला डीव्हीडी संच मात्र कपाटातून कोणी उचलून नेत नाही.

*खर्च.* महागाईचे तक्ते घेऊन बसू नका. महिन्याचा खर्च भरायला सरासरी कामगाराला किती तास काम करावं लागे, एवढंच काढा. वर्गण्या तीन असतील तर तिन्ही धरा.

नमुने दाखवताना

प्रत्येक काळातली दहा-दहा मिनिटं दाखवायची तर ती सलग आणि जाहिरातींसकट दाखवा. इंटरनेटवर फिरणारे निवडक तुकडे नकोत. संचावरचं चित्र गुळगुळीत करणारं मोशन स्मूदिंग बंद करा, नाहीतर सगळे काळ सारखेच चकचकीत दिसतात. जुना ४:३ चौकोन ताणू नका, झूमही करू नका. वरखाली कापलं की विनोदाची वस्तूच चौकटीबाहेर जाते. जुनं व्हिडिओ प्रक्षेपण सेकंदाला ५० किंवा ६० अर्ध-चित्रांचं असे. २५ फ्रेमच्या फाइलमध्ये त्याचा जिवंतपणा मरतो, म्हणून ५० फ्रेमची प्रत मिळाली तर तीच लावा.

प्रत्यक्ष वाद

पाच काळ, पाच वक्ते, एक पंच. नमुने आधीच्या दिवशी दाखवून झालेले असावेत. मुख्य अट अशी की ज्याच्या वयाची दहा ते वीस ही वर्षं ज्या काळात गेली, त्याने तो काळ मांडायचा नाही. सुरुवातीला गुप्त मतदान, मग प्रत्येकी सहा मिनिटं मांडणी आणि पाच मिनिटं उलटतपासणी. हे पंचावन्न मिनिटांत होतं. त्यानंतर "सर्वांत वाईट" काळाची वेगळी फेरी घ्या, वीस-पंचवीस मिनिटांची. ती वेगळीच हवी, कारण सर्वांत वाईट काळ हा सर्वांत चांगल्याच्या उलटा नसतो. एखाद्या काळात उत्तम मालिकाही असतात आणि प्रेक्षकाचे हालही.

एक मुद्दा नक्की येणार, त्याची तयारी ठेवा: सगळ्यांनी एकत्र पाहणं. 'मॅश' या मालिकेचा शेवटचा भाग २८ फेब्रुवारी १९८३ ला अमेरिकेत सुमारे १०.६ कोटी लोकांनी पाहिला. "दुसरं होतं काय पाहायला?" हे उत्तर झटकन सुचतं, पण अपुरं आहे. दुसऱ्या दिवशी कोणाशीही त्याबद्दल बोलता येणं हा प्रेक्षकाचा खरा लाभ होता, त्याला गुण द्या. त्याच वेळी हेही विचारा की घरात संच एक आणि माणसं पाच असताना वाहिनी कोण ठरवत होतं.

वरचे निकष लावले तर माझं मत साधारण २००८ ते २०१४ च्या बाजूने पडतं: रेकॉर्डर हाताशी, डीव्हीडी कपाटात, एचडी चित्र, स्ट्रीमिंगची वर्गणी एकच आणि जाहिरातीविना. पुढे वर्गण्या फुटत गेल्या, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सनेही जाहिरातींसह स्वस्त योजना आणली. सर्वांत वाईट म्हणून बरेच जण पन्नासचं दशक सांगतील. मी नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध सांगेन: वाहिन्या ढीगभर, जाहिराती वाढत्या, आणि चुकलेलं पकडायला अजूनही तीच अडखळती टेप. चिठ्ठीवरचा प्रेक्षक कर्णबधिर असेल तर मात्र हे मत मागे घ्यावं लागतं, कारण अमेरिकेत तोवर त्याला नव्या संचातच कॅप्शन मिळू लागली होती.

शेवटी पुन्हा गुप्त मतदान घ्या. विजेता काळ जास्त मतांवर ठरवू नका. सुरुवातीच्या मतदानापेक्षा ज्याची मतं सर्वांत जास्त वाढली तो जिंकला. बरोबरी झाली तर "चुकलं तर काय" या रकान्यातले गुण पाहा.