नेटवर्किंग इव्हेंटमधून को-फाउंडर कसा शोधायचा

को-फाउंडर हवाय म्हटलं की जो तो एकच सल्ला देतो: भरपूर इव्हेंटना जा, माणसं भेटतील. भेटतात की! ढिगाने भेटतात. घरी येऊन पाहावं तर बॅगेत कार्डांचा गठ्ठा, लिंक्डइनवर चाळीस नवी नावं आणि को-फाउंडरचा पत्ता नाही. मी हे दोन वर्षं केलंय. एकदा जोडीदार निवडताना सपशेल फसले, नंतर चांगला मिळाला, आणि आता इतरांनाही शोधायला मदत करते. त्यामुळे तयारीचं पाल्हाळ लावत नाही. कल्पना दोन वाक्यांत सांगता येते, आपल्याला काय जमत नाही हे माहीत आहे आणि पगाराविना किती महिने निघतील याचा हिशेब झालाय, एवढं धरून चालते.

आधी इव्हेंट निवडा. फक्त फाउंडर लोक जमतात तिथे कल्पना असलेले वीस आणि कोड लिहिणारे दोन असतात, आणि त्या दोघांभोवती बाकीच्यांचा घोळका. तुम्हाला इंजिनीअर हवा असेल तर इंजिनीअर जमतात तिथे जा: प्रोग्रॅमिंगचे मीटअप, ओपन सोर्सवाल्यांच्या बैठका. विक्री जाणणारा हवा असेल तर त्या धंद्याच्या प्रदर्शनात जा. तिथे तुम्ही वेगळे उठून दिसता.

आणि खुर्च्या मांडून भाषणं ऐकवतात त्यापेक्षा जिथे काहीतरी बनवावं लागतं तो इव्हेंट बरा. स्टार्टअप वीकेंड हा प्रकार २००७ मध्ये अमेरिकेतल्या बोल्डर शहरात सुरू झाला. त्याची रचना ५४ तासांची: शुक्रवारी संध्याकाळी कल्पना मांडून गट पाडायचे, रविवारी संध्याकाळी केलेलं काम दाखवायचं. यातली शनिवारची रात्र मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सगळे थकलेले असतात, डेमो चालत नसतो, आणि कोण चूक शोधतोय नि कोण चूक कोणाची ते शोधतोय, हे आयतं दिसतं. बक्षीस कोणाला मिळालं ते विसरा.

तिथे गेल्यावर ताकाला जाऊन भांडं लपवू नका. "मी को-फाउंडर शोधतेय, मला अमुक येतं, तमुक येत नाही," हे पहिल्या दोन मिनिटांत सांगा. मग गप्प बसा आणि विचारा: अर्धवट सोडलेलं शेवटचं काम कोणतं, आणि ते का सोडलं? या प्रश्नाचं सरळ उत्तर देणारा माणूस पुढे बोलण्याजोगा. एका संध्याकाळी चार जण पुरे. दुसऱ्या दिवशी त्यांना निरोप पाठवा, झालेल्या बोलण्यातला एखादा मुद्दा धरून. "भेटून आनंद झाला" एवढंच लिहायचं असेल तर नाही पाठवला तरी चालेल.

इथवर सोपं आहे. खरी अडचण पुढे येते आणि माझीही तिथेच झाली.

माझा पहिला को-फाउंडर अशाच एका इव्हेंटमध्ये भेटला. हॉलचे दिवे घालवेपर्यंत आम्ही बोलत होतो. मी वाक्य सुरू करावं आणि त्याने पूर्ण करावं, असं ते बोलणं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तसं नवव्या दिवशी आम्ही निम्मे-निम्मे शेअर वाटून मोकळे झालो. चौथ्या महिन्यातही तो नोकरीतच होता. "पुढच्या महिन्यात सोडतो" हे वाक्य मी तीनदा ऐकलं. सहाव्या महिन्यात त्याने नोकरी सोडायच्या ऐवजी कंपनी सोडली आणि निम्मे शेअर त्याच्या नावावर राहिले. पुढे ज्या गुंतवणूकदाराने आमच्यात रस घेतला होता, त्याने शेअरची यादी पाहिली, "हे कोण?" एवढंच विचारलं आणि विषय तिथेच संपला. तो माणूस वाईट नव्हता. मी त्याला बोलताना पाहिलं होतं, काम करताना एकदाही नाही.

म्हणून ट्रायल घ्या. चार ते सहा आठवडे, खऱ्या कामाची, शेअरची भाषा न करता. "चार-सहा वेळा कॉफी प्या, माणूस कळतो" हा सल्ला देणाऱ्यांना मी हात जोडते. गप्पांत गप्पिष्टपणा कळतो. ट्रायलला बिझनेस प्लॅन लिहायला घेऊ नका, तेही गप्पांचंच कागदी रूप आहे. ज्याच्या शेवटी बाहेरचा कोणी हो किंवा नाही म्हणेल, असं काम घ्या: दोघांनी मिळून वीस संभाव्य ग्राहकांशी बोलायचं, कामचलाऊ प्रोटोटाइप करायचा आणि त्यातल्या कोणाकडून तरी पैसे मागायचे. सुरुवातीलाच दोन ओळी लिहून ठेवा, की जमलं नाही तर केलेलं काम कोणाचं. हे लिहिताना अवघडल्यासारखं होतं. होऊ दे.

ट्रायलमध्ये मी तीन गोष्टी बघते. तारीख चुकणार हे कळल्यावर समोरचा आधी सांगतो की नंतर. ग्राहकाने नाकारल्यावर तो पुढचा फोन करतो की ग्राहकालाच नावं ठेवतो. आणि मतभेद झाल्यावर तो गप्प होतो, चढतो की मुद्द्यावर राहतो. सहा आठवड्यांत एकदाही वाजलं नाही तर खूश होऊ नका, कोणीतरी मनात ठेवतंय. अशा वेळी मी मुद्दाम किमतीचा विषय काढते. आताच्या भागीदाराशी माझं दुसऱ्याच आठवड्यात किमतीवरून चांगलंच वाजलं. सकाळी त्याचा मेसेज आला, त्यात आकडे होते. निम्म्या गोष्टीत मी चुकले होते, निम्म्यात तो.

ट्रायल चालू असतानाच एक काम करा. काही प्रश्नांची उत्तरं दोघांनी वेगवेगळी बसून लिहा आणि मग कागद बदला. नोकरी कोणत्या तारखेला सोडणार? पगाराविना किती महिने? कर्ज घ्यावं लागलं तर कुठवर? दोन वर्षांनी कोणी कंपनी विकत घ्यायला आलं तर? एकमत झालंच नाही तर शेवटचा शब्द कोणाचा? तोंडी विचारू नका. तोंडी विचारलं की पहिला बोलतो आणि दुसरा मान हलवतो.

यातला कर्जाचा प्रश्न लोक गाळतात. अ‍ॅपलची स्थापना १ एप्रिल १९७६ ची, आणि संस्थापक तीन: जॉब्स, वॉझ्नियाक आणि रोनाल्ड वेन. वेनकडे १० टक्के हिस्सा होता. ती भागीदारी होती, म्हणजे कर्ज बुडालं तर भागीदारांच्या घरादारावर येणार. तिघांत गमावण्यासारखं काही होतं ते वेनकडेच, शिवाय आधी एका धंद्यात त्याचे हात पोळलेले. बारा दिवसांत तो बाहेर पडला आणि हिश्श्याचे त्याला मिळाले ८०० डॉलर. लोक त्याला हसतात. मला तो शहाणा वाटतो. त्याची जोखीम घ्यायची तयारी किती, ही बोलणी सही करण्याआधी व्हायला हवी होती, इतकंच.

सगळं जमलं तर शेअर वाटा, पण व्हेस्टिंग लावून, म्हणजे शेअर एकदम नाही, जितका काळ टिकाल तितके हळूहळू मिळणारे. रूढ पद्धत चार वर्षांची, त्यात पहिलं वर्ष क्लिफचं: अकराव्या महिन्यात सोडलं तर हातात शून्य, वर्ष पुरं झालं की पाव हिस्सा, पुढे दर महिन्याला थोडा थोडा. कल्पना तुमची असली तरी स्वतःलाही लावा. कागद वकिलाकडून करून घ्या, नेटवरचा नमुना उचलू नका.

नाही जमलं तर तसं स्पष्ट सांगा, आठवड्याच्या आत. फोन न उचलणं हा नकार नव्हे. आणि नकार देताना किंवा घेताना एक विचारून ठेवा: तुमच्या ओळखीत या कामाला योग्य कोण? या माणसाने तुम्हाला सहा आठवडे काम करताना पाहिलेलं असतं, इव्हेंटमधल्या कुठल्याही ओळखीला ती सर येत नाही. जॉब्स आणि वॉझ्नियाक होमब्रू कॉम्प्युटर क्लब या कॉम्प्युटरच्या हौशी लोकांच्या क्लबमध्ये भेटले असं अनेकांना वाटतं. क्लबची पहिली बैठक मार्च १९७५ ची. या दोघांची ओळख १९७१ मध्येच एका सामायिक मित्राने करून दिली होती, आणि क्लबच्या आधी त्यांनी फुकट फोन लावून देणारे ब्लू बॉक्स एकत्र बनवून विकलेही होते. माझ्या आताच्या भागीदाराचं नाव मला सुचवलं ते ट्रायलच्या तिसऱ्या आठवड्यात मला नकार देणाऱ्या एका इंजिनीअरने. "तुझं माझं जमणार नाही," म्हणाला, "पण तुझ्याशी भांडू शकेल असा एक जण आहे माझ्याकडे."